गळ्याकडची बाजू

आमच्या सगळ्या गोतावळ्यात मला लख्खआत्या म्हणतात. नव्या पोरांना तर माझं खरं नाव ठाऊकही नाही. कुणाची साखळी काळवंडली, कुणाच्या कानातल्यांच्या खाचेत मळ बसला, की ते रुमालात बांधून माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर येतं. मी आधी दोन शब्द सुनावते, मग साफ करायला घेते. चांदी लख्ख होऊन जाते आणि शब्द माणसं जिन्यातच विसरतात, त्यामुळे आजवर कुणाची तक्रार आलेली नाही.

एक गोष्ट मात्र पक्की. माझ्या हातून गेलेली चांदी वर्ष वर्ष काळी पडत नाही. याला गर्व म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. म्हणूनच माझ्या भाचेसुनेनं तीच माळ महिन्याभरात दुसऱ्यांदा माझ्यापुढे ठेवली, तेव्हा माझं डोकं सटकलं.

"ही मी परवा परवा करून दिली होती," मी म्हटलं. "काय केलंस काय हिचं? चुलीत घातली होतीस?"

"काही नाही केलं, आत्या," ती म्हणाली. तेही टेबलाकडे बघत.

ही माझ्या भावाच्या मुलाची बायको. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय. चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासते. तिलाही जाड काचांचा चष्मा आहे, आणि एरवी ती बोलते ती अशी, की समोरच्यानं भिंतीवरची शेवटची ओळ वाचून दाखवलीच पाहिजे. पहिल्या भेटीत तिनं मला, 'आत्या, तुम्ही डोळे बारीक करून बघता, नंबर वाढलाय तुमचा,' असं तोंडावर सांगितलं होतं. मला अशी माणसं आवडतात. तीच पोरगी आज खाली मान घालून बसली होती आणि ते काही मला बघवेना.

मी चहा टाकला, तिच्यापुढे कप ठेवला आणि म्हटलं, "आता काय ते ओक."

तिनं हळूहळू सांगितलं. माळ काळी पडायला लागल्याचं आधी तिच्या सासूनं, म्हणजे माझ्या वहिनीनं, पाहिलं. वहिनी तेव्हा एवढंच म्हणाली, की आमच्या घरात आजवर कुणाच्या अंगावर चांदी काळी पडली नाही. मग मी साफ करून दिली, ती परत काळी पडली. तेव्हा वहिनी शेजारणीच्या देखत म्हणाली, की अंगात काही दोष असला की चांदी बरोबर सांगते. त्या दिवसापासून रोज सकाळी ती सुनेचं तोंड निरखते आणि विचारते, आज बरं वाटतंय ना तुला.

"रागानं नाही हो विचारत," ती म्हणाली. "काळजीनं विचारतात. तेच जास्त लागतं. मी डॉक्टरांकडे जाऊन आले. रक्त तपासलं, सगळं तपासलं. काही नाही निघालं. आई म्हणाल्या, डॉक्टरांना काय सगळंच दिसतं का. आता मलाच रात्री वाटायला लागलंय, की आहे काहीतरी माझ्यात."

"आणि तुझा नवरा काय म्हणतो?"

"ते खाली आपल्या सायकलच्या दुकानात जातात."

जाणारच. माझा भाचा बापावर गेलाय. घरात दोन बायकांचा आवाज वाढला, की याला नेमकं कुणाचं तरी पंक्चर आठवतं.

"मी थोडे दिवस माहेरी जाऊन येते म्हणतेय," ती म्हणाली. "ही तेवढी साफ करून द्या. आईंच्या हातात देईन आणि जाईन. परत कधी यायचं ते मग बघू."

'मग बघू' म्हणजे काय, ते न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही. माणूस 'मग बघू' म्हणून उंबऱ्याबाहेर पडतं आणि मग बघायचं राहूनच जातं. मी म्हटलं, "माहेर कुठं पळून चाललंय? आधी ही माळ बघू दे मला. माझ्या हातची चांदी अशी का वागते, ते मला कळलंच पाहिजे. तुझ्यासाठी नाही, माझ्या नावासाठी."

ती जराशी हसली. तेवढं पुरे होतं.

ही माळ माझ्या आईची. केसासारख्या बारीक तारेची जाळीदार फुलं एकात एक अडकवलेली, फुंकर मारली तरी थरथरतात. आईनं ती वहिनीला दिली, वहिनीनं सुनेला. मला का नाही दिली, असं विचारू नका. मला साफ करायला मिळते, त्यात मी खूश आहे. मी ती पांढऱ्या टॉवेलवर पसरली, खिडकीशी नेली आणि या खेपेला तोंड बंद ठेवून बघितली. मागच्या खेपेला बडबडीच्या नादात मी ती सरळ पाण्यात सोडली होती.

फुलं वरून काळी ठिक्कर पडली होती. मी माळ उलटी केली. मागची बाजू, म्हणजे गळ्याला टेकते ती, जवळजवळ तशीच होती. थोडी पिवळसर, बस. मी परत सुलटी केली, परत उलटी केली.

"इकडे ये," मी म्हटलं. "तू नजर तपासणारी ना? मग सांग, कोणती बाजू काळी आहे?"

तिनं चष्मा वर सरकवला आणि वाकून बघितलं. "पुढची."

"आणि तुझं अंग कोणत्या बाजूला लागतं?"

तिनं गळ्याला बोट लावून बघितलं. मग अगदी हळू म्हणाली, "मागच्या."

"घाम मागे, कातडी मागे, तुझा काय तो दोष असेल तोही मागेच. आणि काळं पडलंय पुढं. तुझ्या अंगानं केलं असतं तर गळ्याकडची बाजू आधी काळी पडली असती. चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय इथं."

ती खुर्चीत बसली. चष्मा काढून पुसायला लागली, जरा जास्तच वेळ पुसत राहिली. मी तिला पुसू दिला. मग विचारलं, "घरी आल्यावर ही ठेवतेस कुठं?"

"आईंनी दोनेक महिन्यांपूर्वी दिलेल्या डबीत. मखमलीची आहे आतून. दुकानातून आले की काढून ठेवते, झोपेत तार तुटेल म्हणून. आणि पालथी ठेवते. तुम्हीच सांगितलं होतं, मागच्या कड्या मखमलीत अडकतात म्हणून."

पालथी. म्हणजे फुलांची तोंडं खाली, मखमलीवर. माझ्या डोक्यात काहीतरी हललं, पण हाती लागेना. मी म्हटलं, "उद्या मी तुमच्याकडे येते. तोवर माहेरचं नाव काढायचं नाही. आता हात धू आणि माझ्याबरोबर उभी राहा. दर वेळी मीच का राबायचं? शीक."

तसं बघितलं तर यात शिकण्यासारखं फार काही नाही, सोडण्यासारखंच जास्त आहे. दात घासायची पेस्ट सोडायची, कारण ती चांदीला ओरखडे काढते. घासणी सोडायची. जोर सोडायचा. मोती किंवा चिकटवलेले खडे असतील तर हा पाण्याचा प्रकारही सोडायचा, नुसतं मऊ कापडानं टिपायचं. ही माळ नुसत्या चांदीची होती, म्हणून मी काचेच्या भांड्यात तळाला डबा गुंडाळायची चंदेरी फॉइल पसरली, चमकती बाजू वर. त्यावर खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ आणि कढत पाणी. सोडा फसफसला. मग माळ दोन बोटांनी धरून अशी सोडली, की तिचं प्रत्येक फूल फॉइलला टेकेल.

"नासक्या अंड्याचा वास येतोय," ती नाक मुरडून म्हणाली.

"येऊ दे. तो वास म्हणजे काळेपण निघाल्याची पावती. चांदीला काळं करतं ते गंधक. ते आता चांदीला सोडून फॉइलकडे चाललंय."

हे मी बोलले आणि बोलता बोलता थांबले. गंधक. एकदा मी चांदीचे चमचे रबरबँडनं बांधून ठेवले होते. सोडले, तर प्रत्येक चमच्याच्या मानेवर काळा पट्टा. रबर टिकावं म्हणून त्यात गंधक घालतात, हे तेव्हा दादानंच मला सांगितलं होतं. दादा म्हणजे माझा भाऊ, हिचा सासरा, तो आज नाही. जन्मभर सायकलींच्या ट्यूब आणि टायर यांच्यातच वावरला.

फुलं पाण्यातून एकेक पांढरी होत वर आली. मी ती कोमट पाण्यात बुडवून काढली, टॉवेलवर टिपली, घासली नाही. तारांच्या जाळीत पाण्याचे थेंब अडकतात, ते केस वाळवायच्या यंत्राच्या गार वाऱ्यानं उडवायचे. हे काम मी तिला दिलं. तिनं ते असं केलं, की मला एक शब्द बोलायला जागा ठेवली नाही. मला जरा वाईटच वाटलं.

माळ मी माझ्याकडेच ठेवून घेतली, सुती कापडात गुंडाळून.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेलेली असताना मी गेले. खाली दुकान, वर घर. दादा गेल्यापासून दुकान भाचा बघतो. जिन्यापासूनच तो वास सुरू होतो, रबराचा आणि पंक्चरच्या सोल्युशनचा. इतक्या वर्षांत आम्हाला तो वास म्हणून जाणवेनासाच झालाय. आणि घरात बघाल तिथं ट्यूब. दार आपटू नये म्हणून चौकटीला ट्यूबचा तुकडा. खुर्च्यांच्या पायांना ट्यूबचे बूट. घट्ट झाकण उघडायला ट्यूबचं कडं. किटलीच्या मुठीला ट्यूब गुंडाळलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हेच.

वहिनी मला बघून खूश झाली. "बसा वन्सं, चहा ठेवते," म्हणून आत गेली. मी बसले नाही. सुनेच्या खोलीत गेले, कपाटावरची डबी घेतली आणि उघडली. आत निळी मखमल, कडा बारीक टाक्यांनी शिवलेल्या. वहिनीचा हात त्यात लगेच ओळखू येत होता. मी नाक आत घातलं. मग नखानं एक कोपरा उचलला.

खाली ट्यूब होती. डबीच्या मापानं नीट कापून, सोल्युशननं चिकटवलेली, मऊ गादीसारखी. झाला उलगडा, असं म्हणून मी डबी मिटणारच होते, तेवढ्यात मला ठिगळ दिसलं.

दादा ठिगळं गोल कापायचा. बाकी सगळे चौकोनी कापतात, चौकोनी सोपं. दादा म्हणायचा, कोपरा असला की तिथूनच उचकटतं. गोल कापायचा आणि वर अंगठा दाबून धरायचा, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी. ते ठिगळ दादाच्या हातचं होतं. ते बरोबर डबीच्या मधोमध येईल अशी वहिनीनं ती ट्यूब कापली होती. सुनेला हे सांगितलंही नव्हतं. नुसतं नवऱ्याच्या हातचं काहीतरी सुनेच्या दागिन्याखाली ठेवलं होतं.

मला भरून आलं. मी तिथंच पलंगाच्या कडेवर बसले. आता एका बाजूला ही आणि दुसऱ्या बाजूला ती पोरगी, जिला रात्री वाटतंय की आपल्यातच काहीतरी नासकं आहे. पण मी डोळे पुसले, कारण दादा असता तर त्यानंही आधी पोरीचं बघितलं असतं. मी डबी घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"वहिनी, माळ काळी करणारा चोर सापडला," मी म्हटलं आणि डबी ओट्यावर ठेवली. "मखमलीखालचं रबर."

वहिनीनं आधी उचकटलेला कोपरा बघितला, मग मला. "तुम्ही उसवलंत?"

"उसवलं. रबरात गंधक असतं. बंद डबीत ते चांदीला धरतं. पोरीचा यात काडीचा दोष नाही."

"वन्सं," ती म्हणाली आणि तिचा आवाज चढला, "या रबरावर हे घर उभं राहिलंय. लेकाचं शिक्षण, लग्न, सगळं. आणि आज तुम्ही मला सांगताय की रबर काळं करतं? मी इतकी वर्षं याच घरात राहते. ही बघा माझी साखळी." तिनं गळ्यातली चांदीची साखळी बोटानं पुढं ओढली. दादानं लग्नानंतर स्वतःच्या हातानं तिच्या गळ्यात घातलेली. "पडली का काळी? कधी तरी पडली?"

"ती तू काढतेस कधी? रोज अंगावर घासली जाते, रोज आपोआप पुसली जाते. अंगावरची चांदी सहसा काळी पडत नाही, कोंडलेली पडते. आणि ती या डबीत कधी झोपलेली नाही."

"हे सगळं बोलायला ठीक आहे."

"बोलायला कशाला? हातच्या कांकणाला आरसा लागत नाही. काढ ती साखळी आणि ठेव या डबीत आठवडाभर. पांढरी राहिली, तर मी तुझी माफी मागेन आणि जन्मात पुन्हा चांदीला हात लावणार नाही."

बोलून गेले आणि मग कळलं काय बोलले ते. माझी जीभ अशीच आहे, गाडीच्या पुढं धावते. वहिनीनं साखळी मुठीत धरली होती.

"काय मागताय, ते कळतंय का तुम्हाला?" ती म्हणाली. "हे गेले तेव्हासुद्धा मी ही काढली नाही. सगळ्यांनी सांगितलं, नीट ठेव, पुढं होईल कुणाला. मी नाही काढली."

आणि तेवढ्यात दारातून आवाज आला, "नको आई. काढू नका."

सून कामावरून लवकर आली होती. कधीपासून उभी होती कुणास ठाऊक. खांद्यावर पिशवी तशीच. तिनं ओट्यावरची डबी बघितली, उचकटलेली मखमल बघितली, आणि ते गोल ठिगळही बघितलं. सासऱ्याला तिनं पाहिलं नव्हतं, पण खाली दुकानात भिंतीला दादानं ठिगळं लावलेल्या जुन्या ट्यूब टांगलेल्या आहेत आणि त्या तिनं हजारदा बघितल्या असणार.

"साखळी काढू नका," ती परत म्हणाली. "माझ्यातच असेल काहीतरी. मी मान्य करते. माळ आत्यांकडे आहे, ती तुम्ही परत घ्या. डबीपण राहू द्या तशीच. मी उद्या माहेरी जाऊन येते."

मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली. एवढी लख्ख खात्री झालेली असताना ही पोरगी खोटा आळ अंगावर घ्यायला निघाली होती, आणि तीही कुणासाठी, तर जिनं तो आळ घातला तिच्यासाठी. मी तोंड उघडलं, पण वहिनीनं हात वर केला. मला थांबवलं.

ती सुनेकडे बघत राहिली. रोज सकाळी बघायची तसं नव्हे. मग तिनं दोन्ही हात मानेमागे नेले. हूक निघेना. मी पुढं झाले तर म्हणाली, "राहू द्या. मीच काढते." बराच वेळ ती झटापट चालली. सून जागच्या जागी उभी, मी जागच्या जागी उभी, किटली नुसती शिट्टी मारतेय आणि कुणी ती उतरवत नाही. शेवटी साखळी सुटली. वहिनीनं ती त्या ठिगळाच्या बरोबर वर मखमलीवर ठेवली, डबी मिटली आणि कपाटावर सरकवली.

"आठवडाभर कुणी कुठं जायचं नाही," ती सुनेला म्हणाली. "मग बघू."

आता त्या 'मग बघू'त मला जरा जीव वाटला.

मी घरी येऊन निवांत झोपले. खोटं कशाला बोलू, दोनचारदा कूस बदलली. रबर काळं करतं, यात मला शंका नव्हती. आठवड्यात करतं का, एवढीच काय ती धाकधूक. पण माळेची फुलं आठवली आणि म्हटलं, करणार, आणि झक मारत करणार.

आठवडा सरल्यावर मी सोडा, फॉइल आणि पांढरा टॉवेल पिशवीत घालूनच गेले. अशी मी आहे. भाचा मला जिन्यात भेटला, पिशवीकडे बघितलं, म्हणाला, "आत्या, एक ट्यूब बदलायची राहिलीय," आणि खाली पसार झाला.

वहिनीनं डबी आणून टेबलावर ठेवली. तिचा गळा मोकळा होता आणि साखळीच्या जागी कातडीवर एक फिकट रेघ होती, वर्षानुवर्षं ऊन न लागल्यासारखी. डबी तिनंच उघडली.

साखळी काळी पडली होती. मखमलीला टेकलेला भाग तर काजळी फासल्यासारखा.

मी जिंकले होते आणि मला बोलायची जाम इच्छा होती. पण मी ओठ घट्ट मिटले. माझ्या आयुष्यात मी एवढी मेहनत क्वचितच केली असेल.

वहिनीनं साखळी उचलली, उलटसुलट केली. "माझ्यात पण दोष आहे म्हणायचा मग," ती म्हणाली. हसायला गेली आणि ते जमलं नाही. मग सुनेकडे वळली. "मी चारचौघांत बोलले तुला. रोज सकाळी उठून तुझा जीव खाल्ला. आणि पाप माझ्या हातचं होतं." तिनं डबी पुढं ढकलली. "घेऊन जा, टाक खाली भंगारात. माझ्यासमोर नको ती."

सुनेनं डबी उचलली. मला वाटलं, आता ही टाकायला जाणार. तिनं आपला चष्मा काढला, मिटला आणि डबीत ठेवला. बरोबर बसला. तिनं झाकण लावलं, डबी कानाशी नेऊन हलवून बघितली. आवाज नाही.

"रबर काचेचं काही वाकडं करत नाही, आई," ती म्हणाली. "उलट दुकानात आम्ही चष्म्याखाली असंच मऊ काहीतरी घालतो. कपाटावरून पडला तरी फुटायचा नाही. रोज झोपताना मी चष्मा काढते आणि सकाळी उठले की सगळ्यात आधी तोच शोधते. माळ काय, सणावारी घालीन. पण बाबांच्या हातचं हे मला रोज लागेल."

पदार्थ करपला की कसं एकदम आत धावतात, तशी वहिनी उठली, ओट्यापर्यंत गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मलाही रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. जिंकलेल्या माणसानं रडायचं नाही, असं कुठं लिहिलंय.

जरा वेळानं वहिनीनं नळ सोडून तोंड धुतलं आणि वळली. साखळी सुनेच्या हातात दिली. माझ्या नव्हे, सुनेच्या.

"तू कर साफ," ती म्हणाली. "आणि आधी तो चष्मा घाल. आंधळ्या कोशिंबिरीच्या हातात मी माझी साखळी देणार नाही."

मी पिशवीतून फॉइल काढून दिली आणि खुर्ची मागे सरकवली. सोडा किती, पाणी किती कढत, तिला सगळं ठाऊक होतं. साखळी पाण्यात सुटली आणि तो नासका वास आला, तेव्हा वहिनी म्हणाली, "शी, हा कसला वास?"

"पावती," सून म्हणाली, आणि माझ्याकडे बघून हसली.

साखळी पांढरी झाली. तिनं ती कोमट पाण्यातून काढली, टिपली, वाळवली. मग वहिनीच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. वहिनीनं न सांगता मान पुढं केली. दादा गेल्यापासून त्या मानेजवळ कुणाचा हात गेला नव्हता. चष्म्याचे बारीक स्क्रू बसवणारी ती बोटं, त्यांनी तो हूक एका झटक्यात लावला.

वहिनीनं साखळी बोटानं चाचपून बघितली.

"नीट लागलाय ना?" ती म्हणाली. "पुन्हा निघाला, तर तूच लावायचास. मला काही मागं दिसत नाही."